शेवटचा मान

"एक आठवडा पुढं ढकलता येईल का?" आक्कानं डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर तरुण होते, स्वभावानं सभ्य होते. त्यांनी नुकतंच कागदावर गळ्याचं चित्र काढून कुठून कुठपर्यंत कापायचं ते पेनानं दाखवलं होतं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वासासाठी मानेपुढं छिद्र ठेवावं लागेल, आणि मग बोलणं असं काही राहणार नाही. एवढं ऐकून माणसं रडतात, भांडतात, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढतात. आक्कानं ऑपरेशनची तारीख विचारली, आणि तारीख कळल्यावर हे विचारलं.

"कशासाठी पुढं ढकलायचं?"

"रविवारी कराडला मला कविता वाचायची हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"मावशी, तुमचा आवाज आधीच किती बसलाय."

"म्हणून तर म्हणते. हाय तवर एकदा माणसांच्या म्होरं वाचते. सोमवारी सकाळी तुमच्या दारात उभी असते, मग काय कापायचं ते कापा."

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "सोमवार म्हणजे सोमवारच," ते म्हणाले. "मंगळवार नाही."

आक्का माझी थोरली बहीण. नाव इंदुमती. गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात तिनं जन्मभर अंगणवाडी चालवली. मूलबाळ नव्हतं. दाजी साखर कारखान्यात कामाला होते. एका संध्याकाळी ड्युटीवरून सायकलनं घरी येताना उसाच्या ट्रॉलीखाली गेले, तेव्हापासून ती माझ्याकडं राहायची. माझं गेट आणि ग्रिल बनवायचं वर्कशॉप आहे. दिवसभर ठणाठणी, वेल्डिंगचा उजेड, आणि पलीकडच्या खोलीत आमची कवयित्री. मशेरी लावायची सवय तिला आईपासून लागलेली, आणि त्या मशेरीनंच तिचा गळा धरला.

कविता तिनं साठीला आल्यावर सुरू केली. मी तिला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला, आणि अंगणवाडीतल्या कुठल्याशा मैत्रिणीनं तिला 'शब्दओसरी परिवार' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात घातलं. कराडचे खटावकर सर त्याचे प्रमुख. बँकेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी ते एक विषय द्यायचे. आज 'उंबरठा', उद्या 'सावली', परवा 'आठवणींचा गाव'. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी त्यावर लिहायचं आणि मग एकमेकांना दाद द्यायची. प्रत्येकाला एक टोपणनाव होतं. आक्काचं 'शेवंती'. जेवताना ती आम्हाला दाद वाचून दाखवायची. "बघ, सांगलीच्या हेमलताताई म्हणतात, निःशब्द केलंत शेवंतीताई. पुण्याचे 'रानपाखरू' म्हणतात, काळजाला हात घातलात."

"काळजाला हात घातला तर पोलीस केस होती," मी म्हणायचो. "आक्का, ह्ये तुमचं लग्नातल्या आहेरागत हाय. तू माझ्या पोरीला पातळ नेसीव, मी तुझ्या पोरीला नेसवतो."

"खुळ्या, तुला काय कळतंय. न वाचता कोण कशाला लिहील?"

ती स्वतः तसं कधीच करत नव्हती, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चष्मा पुसून एकेक कविता ती दोनदा वाचायची. मग त्यातली एखादी ओळ उचलून कळवायची, की तुमची ही ओळ वाचून मला माझ्या सासूचं जातं आठवलं, किंवा ही ओळ दोनदा आल्यासारखी वाटते, एकदाच ठेवून बघा. एका बोटानं टाइप करायला तिला वेळ लागायचा. कालवण करपायचं आणि माझी बायको माझ्यावर ओरडायची.

आजाराचं तिनं ग्रुपात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मलाही शपथ घातली होती. "आजारी बाईला सगळे चांगलंच म्हणत्यात. मला कवितेची दाद पायजे, कीव नको. एवढी वर्सं ही माणसं माझं वाचत्यात, हिंद्या. एकदा त्यांची तोंडं बघत वाचू दे मला. मग आवाज गेला तर गेला."

माझं नाव हिंदुराव. आक्का सोडून कुणी मला हिंद्या म्हणायला धजत नाही.

रविवारी पहाटे निघून आम्ही माझ्या व्हॅननं कराडला पोचलो. एका मंगल कार्यालयात स्नेहमेळावा होता. आक्का मोरपंखी इरकल नेसलेली, गळ्याभोवती पदर घट्ट घेतलेला. थर्मासमध्ये कोमट पाणी होतं. आदल्या दोन दिवसांत तिनं आमच्याशी बोलणंच बंद केलं होतं. मीठ पाहिजे तर बोटानं दाखवायची. आवाज साठवून ठेवत होती बिचारी.

दारातच एक ठसठशीत बाई फोटो काढून घेत होत्या. आक्कानं त्यांना लगेच ओळखलं. "हेमलताताई!"

बाई जरा बावरल्या. "आपण?"

"शेवंती."

"अय्या, शेवंतीताई! फोटोत किती वेगळ्या दिसता हो! या, या, सेल्फी घेऊ." त्यांनी आक्काला खांद्याशी ओढलं आणि हात लांब केला. "तुमच्या कविता म्हणजे काय सांगू, मी तर फॅन आहे तुमची."

आक्काचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं. तिनं खरखरत्या आवाजात विचारलं, "कुठली आवडली?"

"सगळ्याच!"

"मला तुमची ती वळचणीखालच्या चिमणीची लई आवडली. बाळंतपणाला आलेली लेक परत निघते ती."

"ती माझी का?" हेमलताताई विचारात पडल्या. "असेल, असेल. रोज लिहितो ना आपण, लक्षात कुठं राहतंय!" आणि हसत हसत त्या दुसऱ्या कुणाकडं गेल्या.

सभागृह भरलं होतं. प्रत्येक कवीबरोबर नवरा, बायको, सून, नातवंडं. खटावकर सर व्यासपीठावर माइकशी होते. पांढरा झब्बा, जाकीट, बोलायला गोड. आक्काला बघून ते स्वतः खाली आले. हात जोडून म्हणाले, "शेवंतीताई, तुम्ही आमच्या ज्येष्ठ. तुम्हाला मी शेवटचा मान दिलाय. मैफलीचा कळस तुमच्या कवितेनं."

आक्का लाजली. "शेवटचा मान," ती खुर्चीत बसताना माझ्या कानात कुजबुजली, आणि थर्मासमधलं घोटभर पाणी प्यायली.

कविता सुरू झाल्या. एकेक जण येई, दोन कविता वाची, प्रमाणपत्र आणि शाल घेई, घरच्यांबरोबर फोटो काढी. आक्का प्रत्येकाचं ऐकायची, मान हलवायची, मनापासून टाळ्या वाजवायची. मी लोखंडातला माणूस, मला कवितेतलं फारसं कळत नाही. पण माणसं कुठं बघतात ते कळतं. वाचून खाली आलेला कवी जागेवर बसून आपलेच फोटो बघत होता, आणि ज्याची पाळी यायची होती तो आपलाच कागद पुटपुटत होता. ऐकत होती एकटी आक्का.

जेवणाआधी हेमलताताईंनी वाचलं. गोड गळ्यात गाऊन म्हटलं, टाळ्या पडल्या. मग जेवणं झाली. श्रीखंड-पुरीचा बेत होता. आक्काला गिळायला त्रास व्हायचा, तिनं नुसता वरणभात कालवून चार घास घेतले. आम्ही हात धुऊन येतो तर हेमलताताई दारात चपला घालत होत्या.

"निघालात?" आक्का म्हणाली.

"मिस्टरांना गाडी चालवायला अंधार नको वाटतो हो. पण तुमची कविता मनानं ऐकणार मी!"

जेवणानंतर दर कवितेला एक कुटुंब उठायला लागलं. वाचायचं, शाल घ्यायची, फोटो, चपला. कुणाची एसटी होती, कुणाच्या घरी पाहुणे यायचे होते. मघाशी भरलेल्या रांगांमध्ये खुर्च्या नुसत्याच उभ्या होत्या. मी आक्काकडं बघत नव्हतो, ती माझ्याकडं बघत नव्हती. शेवटी मला राहवेना. मी व्यासपीठाच्या कडेला जाऊन खटावकर सरांना म्हणालो, "सर, आमच्या आक्काला जरा आधी घ्या की. लांबचं जायचंय आम्हाला."

"अहो, असं कसं? मुख्य कविता शेवटीच असते. थोडा धीर धरा."

"माणसं जायलीत, सर."

"रसिक असतात हो, रसिक कुठं जात नाहीत." त्यांनी माझा खांदा थोपटला आणि पुढचं नाव पुकारलं.

शपथ मोडून सांगायचं अगदी तोंडावर आलं होतं. सोमवारचं सांगितलं असतं तर त्यांनी लगेच माइक दिला असता, राहिलेल्यांना थांबवलंही असतं. मी वळून बघितलं. आक्कानं मला सरांशी बोलताना पाहिलं होतं आणि नाही म्हणून मान हलवत होती. मी परत येऊन बसलो.

तिचं नाव पुकारलं तेव्हा सभागृहात तिच्याशिवाय कोण होतं ते सांगतो. खटावकर सर होते, टेबलावर वाकून उरलेली प्रमाणपत्रं आवरत होते. मागच्या भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, त्यांचा मुलगा गाडी आणायला गेला होता. कार्यालयाचे दोन कामगार मागच्या रांगेपासून खुर्च्या एकात एक घालत होते, कारण संध्याकाळी तिथं साखरपुडा होता. आणि मी होतो.

मी खिशातून फोन काढला. रेकॉर्ड करावं म्हटलं, पुढं कधी ऐकता येईल. तिनं माइकमधूनच सांगितलं, "हिंद्या, ते ठेव आत. फोन धरून ऐकू नकोस, नुसतं ऐक."

मी फोन ठेवला. आजही त्या आवाजाचं आमच्याकडं काही नाही.

तिनं पदर सारखा केला, पाणी प्यायली आणि वाचायला लागली. कागदाकडं तिनं बघितलंच नाही. कविता पाठ होती, आणि डोळे खुर्च्यांवर होते.

"तिन्हीसांजेला दारात उभी राहून
मी एकेकाला हाक मारत गेले.
कोंबड्या आल्या, गुरं आली,
शेजारची पोरं आपापल्या घरात गेली.
सासऱ्यांची काठी वाजत आली.
तुम्ही तेवढे आला नाहीत.
मी दिवा लावला, पुन्हा हाक मारली.
भात निवत राहिला."

इथं तिचा आवाज तुटला. तिनं पाणी घेतलं, घसा खाकरला, आणि तीच ओळ पुन्हा म्हणून पुढं गेली. मागं खुर्चीवर खुर्ची आदळत होती. मी कामगारांना हातानं खूण केली, त्यातला एक थांबला, दुसऱ्याला दिसलं नाही.

ती संध्याकाळ मला माहीत होती. दाजींची बातमी घेऊन तिच्या दारात मीच गेलो होतो. ती उंबऱ्यात उभी होती, आतमध्ये चुलीपाशी पातेलं उघडं होतं, आणि मला बघून ती म्हणाली होती, "आलास व्हय, बस, हे येतीलच, संगं जेवा." त्या संध्याकाळबद्दल आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नव्हतो. एवढी वर्षं एका घरात राहून आज ती मला माइकवरून ते सांगत होती.

कविता संपली. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानं वाजवलेल्या टाळ्या मोठ्या सभागृहात फार वाईट ऐकू येतात, म्हणून मी लवकर थांबलो.

"व्वा, व्वा! अप्रतिम!" खटावकर सर मान वर न करता म्हणाले. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी विचारलं, "शेवंतीताई, प्रमाणपत्रावर खरं नाव काय घालू?"

तिनं नाव सांगितलं. पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी परत सांगितलं.

परतीला पेठनाक्याच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो. अजून उजेड होता. आक्का व्हॅनमध्येच बसून होती, मांडीवर शाल. मी चहाचे ग्लास घेऊन आलो तर तिच्या फोनची टिंगटिंग चालू झाली होती. एकामागोमाग एक. तिनं चष्मा लावला.

"काय आलंय?" मी विचारलं.

ती वाचायला लागली. आवाज आता नुसता वारा होता, मला जवळ वाकावं लागलं. "हेमलताताई. 'शेवंतीताई, आज तुमच्या सादरीकरणानं सभागृह स्तब्ध झालं. डोळे पाणावले.'" ती थांबली. "ही जेवून गेल्ती न्हवं रे?"

"व्हय."

"'कुसुमाग्रणी'. 'शेवटची कविता म्हणजे मैफलीचा कळस.' हा तर तिच्या आधी गेला." तिनं बोटानं वर सरकवलं. "आणि ह्ये रानपाखरू. 'काय आवाज आहे ताई तुमचा! आयुष्यभर ऐकत राहावा असा.'"

रानपाखरू पुण्याचे. आपल्याला मेळाव्याला येता येत नाही म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी ग्रुपात हळहळ व्यक्त केली होती. आक्कानंच मला ते वाचून दाखवलं होतं.

अंगठ्यानं फोनवर मागं मागं जात राहिली, आजचं, कालचं, गेल्या महिन्यातलं, गेल्या वर्षातलं. निःशब्द. काळजाला भिडली. शब्दच नाहीत. मला दिसत होतं ती काय शोधतेय. मी पूर्वी थट्टेत जे बोललो होतो ते त्या दिवशी परत घ्यायला मी काहीही दिलं असतं.

"ही समदी पण तशीच असतील काय रे?" ती म्हणाली.

"न्हाई गं. कायतरीच काय."

तिनं ते ऐकल्यासारखं केलं. मग एका बोटानं एकेकाला उत्तर लिहायला लागली. हेमलताताईंना, कुसुमाग्रणींना, रानपाखरांना. प्रत्येकाला तेच. मनःपूर्वक आभार. मनःपूर्वक आभार.

"त्यांना कशाला आभार?" मी चिडून म्हणालो.

"रीत असते," ती म्हणाली. सगळ्यांचं झाल्यावर तिनं फोन पालथा ठेवला आणि माझ्याकडं वळली. "तू ऐकलीस न्हवं पुरी?"

"ऐकली की."

"मग तू सांग. कशी वाटली?"

मला सांगायचं होतं की तो उंबरा दिसला, उघडं पातेलं दिसलं, तू मला बस म्हणालीस ते ऐकू आलं. पण आमच्या घरात असं बोलायची पद्धत कधी नव्हती, आणि माझ्या हातात दोन गरम ग्लास होते. मी म्हणालो, "छान होती आक्का. एकदम भारी."

तिनं माझ्याकडं बघितलं. खांदे हलले, म्हणजे हसली असणार, आवाज आला नाही.

"हिंद्या," ती म्हणाली, "तुला बी आता ग्रुपात घ्याला पायजे."

घरी पोचेपर्यंत घसा पुरता बसला. सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत तिनं सगळ्यांना मान हलवूनच उत्तरं दिली. त्यामुळं तिच्या आवाजातलं माझ्या वाट्याला आलेलं शेवटचं वाक्य ते.

पुढं ती वर्षभर होती. अंगणवाडीतली एक पाटी तिच्या उशाशी असायची. त्यावर ती लिहायची, पाणी, पंखा, उशी वर कर. कविता नाही. ग्रुप तिनं सोडला नव्हता, पण फोन चार्जिंगला लावायचं कधी सांगितलं नाही. तिचे आता फार दिवस नाहीत हे कळल्यावर एका दुपारी मी वर्कशॉप बंद करून तिच्या कॉटशेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. दाजींचं, पातेल्याचं, 'भात निवत राहिला' म्हणताना तिचा आवाज तुटला तेव्हा मला काय झालं त्याचं. सांगताना मी रडलो. मोठा पुरुष रडतो तसा, वेडंवाकडं.

ती शांतपणे सगळं ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं पाटी ओढून घेतली, ओल्या फडक्यानं नीट पुसली, आणि अंगणवाडीच्या त्या गोल अक्षरात लिहून माझ्यापुढं धरली.

मनःपूर्वक आभार.